जनआरोग्यचं कार्ड आहे, पण आरोग्य केंद्रात बीपीची गोळी नाही : सरकारी आरोग्याचा पैसा नेमका कोणत्या वाटेने येतो?

भीमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

सरकार आरोग्यावर किती खर्च करतं यावर इथे अधूनमधून चर्चा होते आणि दरवेळी ती 'जीडीपीच्या अमुक टक्के' इथे येऊन थांबते. मला त्यापुढचं बोलायचं आहे. पैसा किती हा प्रश्न मोठा आहेच. पण तो कोणाच्या हातात पडतो, कधी पडतो आणि कशाबद्दल दिला जातो, यावर गावातल्या माणसाला उपचार मिळणार की नाही हे ठरतं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात लेखा शाखेत नोकरी झाली, त्यामुळे हे सगळं फायलींमधून जवळून पाहिलं आहे.

आकडे एकदाच सांगतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के पैसा लोकांच्या खिशातून थेट जात होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. याच काळात सरकारी खर्च जीडीपीच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. सुधारणा खरी आहे, मात्र २०२१-२२ हे कोविडचं वर्ष होतं हे विसरू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

आता वाटा. घटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. त्याच रस्त्यावर पुढे असलेलं ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शहरात महापालिका. एकच रुग्ण या चार घरांतून फिरतो, पण चौघांचं बजेट वेगळं, औषधखरेदी वेगळी, अधिकारी वेगळे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. निर्णय चांगलाच होता. पण वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात नव्हती. रुग्णाला हा फरक कसा कळावा?

पैसा साधारण तीन प्रकारे येतो. पहिला राज्याच्या अर्थसंकल्पातून, २२१० या लेखाशीर्षाखाली. त्यातला मोठा भाग पगारात जातो. औषधं, दुरुस्ती, इंधन यांना उरेल ते. तरतूद मार्चमध्ये मंजूर होते, पण बीडीएसवर (निधीवाटपाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) पैसा दिसायला कित्येकदा निम्मं वर्ष जातं. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम रक्कम येते आणि ती ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायची असते. कोषागाराबाहेर त्या रात्री बिलं घेऊन उभे राहिलेले कारकून ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल. त्या घाईत गरजेची गोष्ट घेतली जात नाही, जी मिळते ती घेतली जाते.

दुसरा प्रकार राष्ट्रीय आरोग्य अभियान. २००५ साली ग्रामीण अभियान म्हणून सुरू झालं, आता केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटा. याची मोठी गोष्ट म्हणजे यातून पहिल्यांदा आरोग्य केंद्राच्या हातात स्वतःचा थोडा पैसा आला. सुरुवातीच्या काळात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला पावणेदोन लाख मिळत: रुग्ण कल्याण समितीचे १ लाख, देखभालीचे ५० हजार आणि अबंधित, म्हणजे कशावर खर्चायचे हे वरून न ठरलेले, २५ हजार. रक्कम छोटी वाटते. पण नळ गळतोय, फ्रीजचा स्टॅबिलायझर जळालाय, प्रसूतीगृहात इन्व्हर्टर नाही, या गोष्टींसाठी जिल्ह्याला पत्र लिहून वाट बघण्याची गरज उरली नाही. माझ्या नोकरीत कमी पैशात जास्त फरक पडलेला मी पाहिला तो इथेच.

तिसरा प्रकार विमा आणि हमी योजनांचा. २०१२ साली ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी, पुढे २०१७ मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना, आणि केंद्राची २०१८ ची आयुष्मान भारत. आता दोन्ही एकत्र, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, हजाराहून जास्त उपचार. इथे सरकार दवाखाना चालवत नाही. ठरलेल्या उपचाराचं ठरलेलं पॅकेज रुग्णालयाला देतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. रक्तदाब असलेल्या माणसाला आरोग्य केंद्रात दर महिन्याला अ‍ॅम्लोडिपीन मिळाली तर त्याचा खर्च अगदी किरकोळ आहे. ती नाही मिळाली, त्याने गोळी सोडली आणि अर्धांगवायू झाला, तर योजना त्याला दाखल करून घेते आणि हजारो रुपयांचं पॅकेज मंजूर होतं. दोन्ही पैसे सरकारचेच. पण दुसऱ्या खर्चाला कार्ड आहे, हेल्पलाइन आहे, रुग्णालयात कागदपत्रांना मदत करणारा आरोग्यमित्र आहे. पहिल्या खर्चाच्या मागे उभं राहणारं कोणी नाही. योजना बंद करा असं मी म्हणत नाही. वाढीव पैसा आधी खाली, आरोग्य केंद्रात गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आपले अनुभव लिहा.

सह्यवारा

धाग्यासाठी धन्यवाद, दादा. मी आदिवासी पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. गोळीचं उदाहरण शंभर टक्के खरं.

आमच्याकडे असं चालतं. ई-औषधीवर (औषधसाठ्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) मागणी टाकायची. मंजूर होऊन येतं त्यात काही औषधं भरपूर, काही शून्य. पॅरासिटामॉल आणि ओआरएसचे खोके पडून असतात, बीपी-शुगरच्या गोळ्या संपलेल्या. मग स्थानिक खरेदीची परवानगी. ती मिळेपर्यंत आम्ही रुग्णाला महिन्याच्या ऐवजी आठवड्याच्या गोळ्या देतो, म्हणजे सगळ्यांना थोड्या पुरतील. पण पाड्यावरून येणारी बाई दर आठवड्याला मजुरी बुडवून येणार नाही. दोनदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. आमच्या रजिस्टरवर तिच्या नावापुढे 'पाठपुराव्यात नाही' असा शेरा पडतो. तिने उपचार सोडला असं कागदावर दिसतं, प्रत्यक्षात उपचाराने तिला सोडलेलं असतं.

आणि अबंधित निधीबद्दल. पूर्वी पैसा केंद्राच्या बँक खात्यात असायचा. आता शून्य शिल्लक खाती आहेत, वरून पोर्टलवर लिमिट, म्हणजे खर्चाची मर्यादा, येतं. पैसा पडून राहू नये हा हेतू समजतो. पण लिमिट उशिरा आलं की हातात काहीच नसतं आणि ३१ मार्चला उरलेलं लिमिट जातं. तुम्ही म्हणता ते 'पत्र न लिहिता नळ दुरुस्त' पुन्हा अवघड झालं आहे.

कृष्णाकाठची

मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण या योजनेवर टीका करणाऱ्या बहुतेकांना ती कधी लागलेली नसते.

माझ्या वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा घरात रोख रक्कम जवळपास नव्हती. ऊस गेलेला, बिल यायचं होतं. पिवळं रेशनकार्ड आणि आधार घेऊन आम्ही योजनेतल्या रुग्णालयात गेलो. आरोग्यमित्राने कागद स्कॅन केले, मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली. एक रुपया भरला नाही. घरी जाताना गाडीभाड्याचे पैसेसुद्धा त्यांनी दिले. ही योजना नसती तर अर्धा एकर गेला असता, जसा काकांच्या वेळी गेला.

म्हणून 'आधी खाली' हे ऐकायला बरं वाटलं तरी आज ज्याच्या छातीत दुखतंय त्याला काय सांगणार? आरोग्य केंद्र सुधारायला दहा वर्षं लागतील. तोवर?

एक मात्र मान्य. ऑपरेशननंतर आता कायमच्या गोळ्या चालू आहेत आणि त्या आम्ही दुकानातून विकत घेतो. योजनेत पाठपुराव्याचे काही उपचार आहेत म्हणतात, पण रोजची गोळी शेवटी आमच्याच खिशातून.

तालुक्याचा_सर्जन

बाहेरून पाहणाऱ्यांना वाटतं की खासगी रुग्णालयं योजनेत मालामाल होतात. तालुक्याच्या ठिकाणी माझं २० खाटांचं रुग्णालय आहे. काही वर्षं योजनेत होतो, नंतर बाहेर पडलो. कारणं लिहितो, कोणावर राग काढायचा नाही.

पॅकेज म्हणजे एका आजाराची सगळी रक्कम ठरलेली: तपासण्या, ऑपरेशन, भूल, औषधं, जेवण, खाट, सगळं त्यात. साधा रुग्ण असेल तर भागतं. पण मधुमेह असलेला, जखम लवकर न भरणारा, आठ दिवस जास्त राहणारा रुग्ण आला की तोटा. मोठ्या रुग्णालयात अशा चार रुग्णांचा तोटा चाळीस सोप्या रुग्णांत भरून निघतो. माझ्याकडे तेवढे रुग्णच नाहीत. शिवाय क्लेम गेल्यावर त्रुटी निघते: फोटो स्पष्ट नाही, अमुक रिपोर्ट जोडा. त्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागतो. पैसे महिनोन् महिने येत नाहीत, आणि ऑक्सिजनवाला व भूलतज्ज्ञ थांबायला तयार नसतात.

परिणाम काय होतो? यादीत राहणारी रुग्णालयं मोठ्या शहरांत एकवटतात. ज्या उपचारांत पॅकेज परवडतं तेच जास्त होतात. आणि ज्या तालुक्यात योजनेतलं एकही रुग्णालय नाही, तिथल्या माणसाचं ५ लाखांचं कार्ड त्याच्या पाकिटातच राहतं. दर खऱ्या खर्चाचा अभ्यास करून ठरवा, दर दोन वर्षांनी बदला आणि क्लेम वेळेत द्या. एवढं झालं तरी माझ्यासारखे अनेक जण परत येतील.

भीमाकाठ

@कृष्णाकाठची, तुमच्या वडिलांचं वाचून बरं वाटलं. तुमचा प्रश्न योग्य आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला थांब म्हणता येत नाही आणि म्हणू नये. म्हणूनच मी 'वाढीव' पैशाबद्दल बोललो. पण तुमच्या प्रतिसादाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा. एकदाच येणारा मोठा खर्च सरकारने उचलला आणि आयुष्यभराचा छोटा खर्च तुमच्यावर राहिला. देशभर तेच आहे. लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशात मोठा वाटा बाह्यरुग्ण उपचारांचा आणि औषधांचा आहे. दाखल झाल्याशिवाय न चालणारी योजना तिथपर्यंत पोहोचतच नाही.

@तालुक्याचा_सर्जन, फार उपयोगी. सरकार ग्राहक झालं की त्याला चांगला ग्राहकही व्हावं लागतं. दर, तपासणी, वेळेवर देयक, हे सगळं करणारं कुशल मनुष्यबळ सरकारकडे लागतं.

आंबोली_घाट

सिंधुदुर्गातून लिहीत आहे. आमच्याकडे गंभीर रुग्ण म्हटला की गाडी बांबोळीलाच वळते, गोवा मेडिकल कॉलेजला. कोल्हापूर लांब, मुंबई त्याहून लांब. पिढ्यानपिढ्या हेच चालत आलंय. जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा आमच्याकडे मोठी खळबळ झाली, आंदोलनं झाली.

शांतपणे विचार केला तर गोव्याची बाजूही समजते. त्यांचं सरकार त्यांच्या करदात्यांच्या पैशावर रुग्णालय चालवतं. २०१६ पासून त्यांची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख, आणि ती तिथल्या रहिवाशांसाठी. आरोग्य राज्याचा विषय म्हटल्यावर पैसाही राज्याच्या सीमेवर थांबतो. पण आजार काही सीमा बघून होत नाही. सीमाभागातल्या रुग्णांचा खर्च ज्या राज्याचा रहिवासी त्या राज्याने, ज्या राज्यात उपचार झाले त्याला आपोआप द्यावा, अशी कायमची व्यवस्था का होत नाही? दरवेळी मंत्र्यांच्या भेटीगाठींवर का अवलंबून राहायचं?

थंडहवा

मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात नर्स आहे. इकडचं थोडं लिहिते, कारण भारतात 'इंग्लंडमध्ये सगळं फुकट' असा समज फार आहे.

एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन. देश युद्धाने खंक झालेला असताना. पैसा मुख्यतः सर्वसाधारण करांतून येतो, थोडा नॅशनल इन्शुरन्सच्या कपातीतून. रुग्णाला उपचाराच्या वेळी बिल येत नाही. बिल येत नाही म्हणजे नेमकं काय, ते इथे रुजू झाल्यावर मला कळलं. वॉर्डात कोणीही, कधीही, पैशाबद्दल बोलत नाही. नातेवाईक बाहेर उभे राहून कोणाला फोन करून रक्कम जमवत नाहीत. आपल्याकडच्या अतिदक्षता विभागाबाहेरचं दृश्य ज्याने पाहिलंय त्याला याची किंमत कळेल.

पण शुल्कं आहेतच. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड (स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये मोफत, इथेही वृद्ध, मुलं, गर्भवती यांना माफ). कवळी आणि चष्म्याला पैसे १९५१ पासून, त्या वादात बेव्हननी मंत्रिपद सोडलं होतं. व्हिसावर येणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो.

आणि रांग. ठरवून करायच्या उपचारांची प्रतीक्षा यादी सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांच्या आसपास गेली होती. १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हे उद्दिष्ट २०१६ पासून पाळलं गेलेलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थांबलेली म्हातारी माणसं कळवळतात, ते बघवत नाही. पैसा करातून येतो तेव्हा तो दर वर्षी अर्थमंत्र्याच्या हातात असतो, आणि तो आवळला की त्याचा परिणाम थेट वॉर्डात दिसतो.

तरीही भीमाकाठ यांच्या मुद्द्याला माझं अनुमोदन आहे, कारण इथला पाया जीपी, म्हणजे भागातला फॅमिली डॉक्टर, आहे. प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या तरी जीपीच्या यादीत असतं आणि जीपीला मुख्यतः यादीतल्या माणसांच्या संख्येवर, त्यांच्या वयाचा आणि गरजेचा हिशोब करून पैसे मिळतात. रुग्ण जास्त वेळा आजारी पडला म्हणून जीपीचं उत्पन्न वाढत नाही. आपल्या आरोग्य केंद्राला कोणाचं तरी नाव लावलेलं आहे का? कागदावर ३० हजार लोकसंख्या असते, पण त्यातला कोणताच माणूस 'हे माझे डॉक्टर' असं म्हणत नाही.

नेकारकाठ

जर्मनीत नोकरी करतो. इकडचा प्रकार वेगळा म्हणून थोडक्यात. १८८३ मध्ये बिस्मार्कने कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला, त्याचाच वाढत गेलेला हा संसार. पगाराच्या १४.६ टक्के अधिक आरोग्यनिधीचा (विमा चालवणाऱ्या संस्थेचा) स्वतःचा जादा हप्ता (२०२५ मध्ये सरासरी २.५ टक्के धरलेला), निम्मा माझा, निम्मा कंपनीचा. पगारपत्रकावर दरमहा दिसतो. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात. साधारण ९० टक्के लोक अशा निधींमध्ये आहेत, असे निधी शंभराच्या घरात.

२००९ पासून सगळ्यांचा हप्ता एका मध्यवर्ती निधीत जातो आणि तिथून प्रत्येक आरोग्यनिधीला त्याच्या सभासदांचं वय, आजार बघून पैसे मिळतात. म्हणजे फक्त तरुण, धडधाकट सभासद गोळा करून फायदा नाही. हप्ता आजारावर ठरत नाही, पगारावर ठरतो, हे मला सगळ्यात न्याय्य वाटतं. भारतात असं का नाही?

भीमाकाठ

@नेकारकाठ, आहे. कर्मचारी राज्य विमा योजना, मूळ कायदा १९४८ चा. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के, आणि दरमहा २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना लागू. तत्त्व तेच, जर्मनीचंच. पण पगारपत्रक ज्याला आहे त्याच्याकडूनच कपात करता येते. आपल्याकडे बहुसंख्य लोक शेतात, बांधकामावर, टपरीवर, घरकामात. ऊसतोड कामगाराचा मालक कोण, मुकादम की कारखाना, इथपासून वाद. म्हणून आपल्याला कराच्या पैशाशिवाय पर्याय नाही असं मी मानतो.

आता थायलंडबद्दल लिहितो, कारण आपल्याला इंग्लंड-जर्मनीपेक्षा तो देश जवळचा आहे. १९९७ च्या आर्थिक संकटातून नुकतेच सावरत असताना, २००१-०२ मध्ये त्यांनी सगळ्या उरलेल्या जनतेला आरोग्यहक्क दिला. सरकारी नोकरांची आणि संघटित कामगारांची योजना आधीपासून होती. बाकी सगळे, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश लोक, नव्या योजनेत. भेटीला ३० बाट (थाई चलन), म्हणून '३० बाट योजना'. गरिबांना तेही माफ. हप्ता नाही, सगळा पैसा करातून.

बघण्यासारखी आहे ती पैशाची रचना. सरकारने माणशी रक्कम ठरवली, २००२ साली वर्षाला १,२०२ बाट. ही रक्कम तालुक्याच्या रुग्णालयाला आणि त्याच्या हाताखालच्या आरोग्य केंद्रांना मिळून, त्यांच्याकडे नोंदलेल्या माणसांच्या हिशोबाने मिळते. थंडहवा ताईंनी लिहिलेल्या जीपीच्या यादीसारखंच. गोळी देऊन अर्धांगवायू टाळला तर फायदा त्याच रुग्णालयाचा. दाखल रुग्णांसाठी आजारनिहाय दर आहेत, पण एकूण रकमेला वरून मर्यादा आहे, त्यामुळे ऑपरेशनं वाढवत नेऊन खर्च हाताबाहेर जात नाही. आणि हे खरेदी करणारं कार्यालय आरोग्य मंत्रालयापासून वेगळं, स्वतःच्या कायद्याने उभं केलेलं.

@कृष्णाकाठची, 'तोवर काय' याचं उत्तरही तिथे आहे, पण ते कष्टाचं आहे. ३० बाट योजनेच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, त्यांनी काही वर्षं शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांची नवी बांधकामं थांबवली आणि तो पैसा तालुका रुग्णालयांकडे वळवला. नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची होती. कार्ड वाटण्याच्या आधी दवाखाना उभा होता. आपण कार्ड आधी वाटलं.

रानपाखरू

आपल्याकडेही एमबीबीएसला एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहेच की. १० लाख भरून सुटणारे सुटतात. आणि माफ करा, पण डॉक्टरच गावात राहायला तयार नाहीत तर माणशी पैसे देऊन काय होणार?

सह्यवारा

@रानपाखरू, मी राहते, म्हणून सांगते. क्वार्टरचं छत गळत नसेल, मुलाला शाळा असेल, आणि कंत्राट दर ११ महिन्यांनी तुटत नसेल तर बरेच जण राहतील. आमच्या केंद्रात लॅब टेक्निशियन, औषधनिर्माता, परिचारिका यांतले निम्मे अभियानातले कंत्राटी. हप्ता वरून उशिरा आला की त्यांचा पगार थांबतो. नवी इमारत जिल्हा नियोजनच्या पैशातून दोन वर्षांत उभी राहते, पण तिच्यासाठी पदनिर्मितीची फाइल मंत्रालयात पडून असते. इमारतीचं उद्घाटन होतं. पदाचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्याची कोणाला घाई नसते.

जोंधळा

मी आशा गटप्रवर्तक आहे. सगळ्यांनी डॉक्टर, गोळी, पॅकेज लिहिलं. गोळी घरापर्यंत नेणारी आशा आहे, तिच्याबद्दलही लिहा. हजार लोकसंख्येला एक आशा. तिला पगार नाही, मोबदला आहे. प्रसूतीसाठी सोबत गेली तर इतके, लसीकरण पूर्ण झालं तर इतके, क्षयरुग्णाचा औषधोपचार पूर्ण केला तर इतके. म्हणजे तिचंही पॅकेजच. ज्या कामाला दर नाही, ते काम तिने केलं तरी हिशोबात येत नाही. रात्री दोनला बाळंतिणीबरोबर जाऊन दवाखान्याच्या बाकावर बसली, आणि तिथून जिल्ह्याला पाठवलं तर तिचा परतीचा प्रवास कोणत्या रकान्यात लिहायचा?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आशांनी संप केला, त्यानंतर राज्याने महिन्याला ५ हजारांची वाढ दिली. ती लढून मिळाली. पण मोबदल्याचा केंद्राचा भाग आणि राज्याचा भाग वेगवेगळ्या वेळी येतो, त्यामुळे कुठल्या महिन्याचे पैसे आले हे तिला सांगता येत नाही. भीमाकाठ सर, तुम्ही लेख्यांमधले आहात म्हणून विचारते, दोन्ही भाग एका दिवशी, एका पावतीवर देता येणं इतकं अवघड आहे का?

भीमाकाठ

जोंधळा ताई, अवघड नाही. दोन वेगळी लेखाशीर्षं असली तरी राज्य स्वतःचा पैसा आगाऊ घालून नंतर केंद्राचा हप्ता जमा करून घेऊ शकतं. त्यासाठी वित्त विभागाचा निर्णय लागतो. कामाचा तपशील असलेली पावती तर आजही देता येईल, त्याला कोणाची परवानगी नको. तुमच्या तालुक्यात तशी लेखी मागणी करा.

औषधांबद्दल राहिलं होतं. तमिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं. प्रत्येक रुग्णालयाला, आरोग्य केंद्राला एक पासबुक. वर्षाला इतक्या रुपयांची औषधं ही तुमची मर्यादा, त्यात काय उचलायचं ते तुम्ही ठरवा. जिल्ह्याला गोदाम. प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी, मग वाटप. राजस्थानने २०११ मध्ये तसंच महामंडळ काढून मोफत औषधयोजना उभी केली. आपण २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण आणलं. प्राधिकरण असणं ठीकच. पण सह्यवारा ताईंच्या केंद्राला काय लागतं हे ताईंनी ठरवायचं, ही पासबुकातली खरी गोष्ट आहे. ती आली नाही तर पॅरासिटामॉलचे खोके येतच राहतील.

कृष्णाकाठची

चर्चा खूप उपयोगी झाली. आता एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या गावापासून ६ किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे बीपीच्या गोळ्या का नसतात हे विचारायचं कोणाला? सरपंच म्हणतात जिल्ह्याचा विषय.

भीमाकाठ

सरपंचांना सांगा की तो त्यांचाही विषय आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या ५ वर्षांसाठी ७०,०५१ कोटी रुपये आरोग्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मार्फत ठेवले, त्यात उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रांचा भाग आहे. पंचायत बाजूला उभी राहू शकत नाही.

पहिलं, आरोग्य केंद्रात जाऊन रुग्ण कल्याण समितीचे सदस्य कोण आहेत ते विचारा. समितीत लोकप्रतिनिधी असतात, बैठकीचं इतिवृत्त लिहावं लागतं. मागच्या वर्षी किती पैसे आले, कशावर खर्च झाले हे त्यात असतं. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात दोन गोष्टी मागा: इतिवृत्ताची प्रत आणि मागच्या १२ महिन्यांची अ‍ॅम्लोडिपीन व मेटफॉर्मिनची (मधुमेहाची गोळी) मागणी, पुरवठा आणि शिल्लक. ई-औषधीवर ही नोंद असते, 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर देता येणार नाही.

ती कागदपत्रं हातात आली की ग्रामसभेत ठेवा आणि ठराव करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख हेच करत आली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं. बाहेरून औषधाची चिठ्ठी लिहिणं अनेक ठिकाणी त्यामुळे थांबलं.

एक काळजी घ्या. वैद्यकीय अधिकाऱ्याला आरोपी करून जाऊ नका. मागणी पाठवूनही पुरवठा आला नाही हे नोंदीत दिसलं तर ती नोंद त्या डॉक्टरच्याच कामी येते. अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. मसुदा लागला तर व्यक्तिगत निरोप पाठवा, करून देतो.

सह्यवारा

असा अर्ज आमच्या केंद्रात कोणी टाकला तर मी स्वतः नोंदी काढून देईन. मागण्यांच्या सगळ्या प्रती तारखेनिशी जपून ठेवल्या आहेत.